बेटावरची सहा कपाटं

निवृत्त होऊन तीन आठवडे झाले, तेव्हा सिस्टरांच्या घरात आवरण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून झाले, मग ते मोडून अक्षरांप्रमाणे लावून झाले. पुसायच्या फडक्यांना इस्त्री झाली. चौथ्या आठवड्यात त्यांनी शेजारणीचा औषधांचा डबा मागून आणला, मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या काढल्या, उरलेल्यांची यादी करून झाकणाला आतून चिकटवली. शेजारणीने आभार मानले आणि मग जरा चाचरत म्हटलं, की सिस्टर, तुम्ही रोज कुठेतरी बाहेर जात जा.

सिस्टर मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये बत्तीस वर्षं होत्या. काम एकच. सर्जनने हात पुढे करायचा आणि त्या हातात हवी ती वस्तू पडायची. सर्जनला ती तोंडाने मागावी लागली तर सिस्टर तो आपला पराभव समजत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या ट्रे लावत: चिमटे, कात्र्या, सुया, दोरे, सगळं वापरण्याच्या क्रमाने. लोक सर्जनचं नाव घेत, ते साहजिकच होतं. सिस्टरांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ट्रे नीट लागला की त्यांचा दिवस चांगला जाई.

त्यांचा धाकटा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. स्वयंपाकघरातली कपाटं करणं आणि लोकांच्या घरी जाऊन बसवणं हा त्याचा धंदा, खाली कारखाना आणि वर घर. लाकडातली गोम त्याला बोटांनी कळायची. पण विसरभोळा असा, की त्याची बायको म्हणायची, याचे हात सोन्याचे आणि डोकं चाळणीचं.

शेजारणीचा सल्ला मनावर घेऊन सिस्टर एके सकाळी भावाकडे चहाला गेल्या. भावजय चहा गाळत होती तेवढ्यात मिस्त्री धापा टाकत आला. एका वकीलबाईंकडे कपाटं बसवायला गेला होता आणि ड्रिलची पाती विसरला होता. ती घेऊन गेला. अर्ध्या तासाने हँडल न्यायला आला. मग बिजागऱ्या न्यायला. चौथ्यांदा आला तो कारखान्याच्या मधोमध उभा राहिला, कमरेवर हात ठेवून चारही भिंतींकडे पाहिलं आणि बायकोला विचारलं, मी कशाला आलो होतो?

सिस्टरांनी कप खाली ठेवला.

"निघताना काय काय न्यायचं, ते तू कुठे लिहून ठेवतोस?"

मिस्त्रीने कपाळावर बोट ठेवलं.

सिस्टरांनी जरा पुढे वाकून त्याचं कपाळ पाहिलं. "इथे तर काहीच लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या जुना एप्रन घालून कारखान्यात हजर झाल्या. मिस्त्रीचे सगळे स्क्रू एका पत्र्याच्या डब्यात एकत्र नांदत होते: लांब, आखूड, गंजके, वाकडे, त्यातच दोन बटणं आणि एक दाढ. दाढ मिस्त्रीचीच निघाली, कधीतरी पडली म्हणून त्याने ठेवून दिली होती. ते सगळं निवडायला सिस्टरांना बारा दिवस लागले. मग काचेच्या बरण्या आल्या, बरण्यांवर चिठ्ठ्या आल्या, आणि भिंतीवर फळी ठोकून बरण्या ओळीने बसल्या.

पण त्यांची खरी करामत पुढे होती. कपाटाच्या प्रत्येक दारावर त्या पेन्सिलने आकडा घालत आणि त्याच आकड्याची एक कागदी पिशवी भरत. पिशवीत त्या दाराच्या दोन बिजागऱ्या, त्यांचे स्क्रू, हँडल, हँडलचे स्क्रू, आणि प्रत्येक गोष्टीतली एकेक जादा. बिजागरीची वाटी बसते ती गोल खाच आणि हँडलची भोकं घरीच पाडून घ्यायची, म्हणजे भुसा आपल्या घरात पडतो, लोकांच्या पिठात पडत नाही. खणांच्या सरकपट्ट्यांच्या जोड्या डावी-उजवी लिहून बांधायच्या. आणि सगळं खोक्यात भरताना उलट्या क्रमाने भरायचं, म्हणजे आधी लागणारी वस्तू वर येते.

मिस्त्री आधी कुरकुरला. माझ्याच कारखान्यात मला पाहुण्यासारखं वाटतं, म्हणाला. त्याच्या जोडीदाराला सगळे पैलवान म्हणत, कारण तो वाऱ्याने उडेल इतका काटकुळा होता. पैलवानाने मात्र पहिल्याच आठवड्यात पक्ष बदलला. पूर्वी दोन दिवस चालणारं काम आता दीड दिवसात उरकत होतं आणि त्याला संध्याकाळी पोहायला जायला मिळत होतं. भावजयीने तर उघडच सांगितलं, की लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नवरा सकाळी जाऊन थेट संध्याकाळी परत येतो आहे, आणि तिला हे फार आवडलं आहे. सख्ख्या बायकोने वीस वर्षं सांगून जे झालं नाही ते बहिणीने महिन्यात केलं. शेवटी सोनारानेच कान टोचावे लागतात, असं म्हणत मिस्त्रीनेही मान तुकवली.

असं वर्ष गेलं. मग बेटावरचं काम आलं.

गावाच्या कडेला मोठं सरोवर होतं आणि सरोवराच्या मधोमध एक बेट. तिथे वीस-पंचवीस घरं. बेटाचं पोस्ट सांभाळून निवृत्त झालेल्या पोस्टमास्तरीणबाई तिथेच राहत. उंचीने इतक्या लहान, की कारखान्यातल्या रंध्याच्या बाकामागे उभ्या राहिल्या तर नुसता अंबाडा दिसला. त्यांचे यजमान ताडमाड. घर यजमानांनी बांधलं, त्यामुळे स्वयंपाकघरातली प्रत्येक फळी यजमानांच्या उंचीची. बाई तीस वर्षं स्टुलावर चढून मीठ काढत होत्या. आता त्यांना ओट्याखाली तीन आणि वर तीन कपाटं हवी होती, आणि वरची त्यांच्या हाताला येतील अशी हवी होती.

मिस्त्री एकदा जाऊन मापं घेऊन आला. आल्यावर त्याने सांगितलं, की बेटावर बोट सकाळी सातला जाते आणि संध्याकाळी पाचला परत निघते. मध्ये काही नाही. विसरलं ते विसरलं.

हे ऐकून सिस्टरांचा चेहरा असा खुलला, की जणू कुणी त्यांना बक्षीस दिलं.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. आधी त्यांनी पोस्टमास्तरीणबाईंना फोन लावला. भिंत विटांची आहे की दगडाची? बाई म्हणाल्या, थांबा, आणि पळीने भिंत ठोकून फोन भिंतीला लावला. ठक्क. मग खिडकीजवळ. ठप. सिस्टरांनी लिहून घेतलं: सिंककडची भिंत दगडी, खिडकीकडची विटांची. म्हणजे ड्रिलची पाती दोन प्रकारची आणि भोकात ठोकायच्या गिट्ट्याही दोन प्रकारच्या. दाराची रुंदी किती? वीज कधी जाते? दुपारी एक ते तीन, रोज, न चुकता. म्हणजे ड्रिलच्या दोन बॅटऱ्या भरून न्यायच्या आणि तरी साधे, हाताने फिरवायचे पेचकस ठेवायचेच. पाण्याच्या मधोमध घर, म्हणजे ओल. म्हणून न गंजणारे स्क्रू, आणि लाकडाच्या सगळ्या कडा, मागच्या आणि खालच्यासुद्धा, पट्टी लावून बंद. मिस्त्री म्हणाला, मागची कड कोण बघणार आहे? सिस्टर म्हणाल्या, ओल बघणार आहे.

मग त्यांनी रंगीत तालीम करायला लावली. सहाही कपाटं कारखान्याच्या भिंतीला लावून मिस्त्री आणि पैलवान यांनी दहाच्या दहा दारं चढवून पाहिली, तीन खण सरकवून पाहिले. सिस्टर वही घेऊन शेजारी उभ्या. आधी काय, नंतर काय, कुठला स्क्रू किती लांब, कुठे मिस्त्री क्षणभर थांबून जीभ दातात धरतो, सगळं वहीत गेलं. मग दारं उतरवून जुन्या चादरींत गुंडाळली.

शेवटी त्यांनी उरलेल्या पातळ प्लायवूडचे तुकडे गोळा केले आणि एक, दोन आणि तीन मिलिमीटर जाडीच्या चाळीस पाचरी कापून घेतल्या. पाचर म्हणजे भिंत आणि कपाट यांच्यामधली फट भरायचा तुकडा. चार-पाच लागतात. मिस्त्रीने विचारलं, की बेटावर पाचरींचं दुकान काढायचं आहे का?

जाण्याच्या दोन दिवस आधी पैलवान स्वतःच्या घराच्या पायरीवरून घसरला आणि त्याचा घोटा सुजून भोपळा झाला. सिस्टरांनी पाय बांधून दिला, उशीवर टेकवून ठेवायला सांगितला आणि कारखान्यात येऊन भावाला म्हणाल्या, की मी येते. वस्तू हातात द्यायला माणूस लागणारच. आजवर त्या कारखान्याचा उंबरा ओलांडून कधी कामावर गेल्या नव्हत्या. त्यांनी थिएटरमधले रबरी तळव्याचे पांढरे बूट पुसून काढले.

बोट वेळेवर निघाली. कपाटांचे रिकामे सांगाडे मागे रचलेले, दारं मध्ये, आणि खोकी सिस्टरांच्या पायाशी. नावाडी गप्पिष्ट होता, त्याने विचारलं, की कुणी घर बदलतंय का? मिस्त्री खुशीत होता. यादी दोनशे बारा वस्तूंची होती आणि प्रत्येकीपुढे खूण होती. आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीही विसरलो नाही, असं तो दोनदा म्हणाला.

नावाडी आणि ताडमाड यजमान यांनी सामान वर घरापर्यंत न्यायला मदत केली. स्वयंपाकघर लहान पण उजेडाचं होतं. ओटा काळ्या दगडाचा, खिडकीतून पाणी दिसत होतं. पोस्टमास्तरीणबाईंनी सगळं रिकामं करून, भिंती पुसून ठेवल्या होत्या. सिस्टरांनी जमिनीवर चादर अंथरली, खोकी उघडली, पिशव्या आकड्यांप्रमाणे मांडल्या. मिस्त्रीने पाणसळ भिंतीला लावली, तिच्यातला बुडबुडा मध्ये आला का ते पाहायला वाकला आणि सवयीने खिशात हात घातला.

मग दुसऱ्या खिशात घातला. मग तो हळूहळू खुर्चीवर बसला.

त्याचा जवळचा चष्मा घरी राहिला होता. आदल्या संध्याकाळी चष्मा लावूनच त्याने यादी तपासली होती आणि तो सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. सदरा भुशाने भरलेला, म्हणून बायकोने खिसा रिकामा करून तो धुवायला टाकला आणि सकाळी धुतलेला दिला. कुणाचीच चूक नव्हती.

सिस्टरांनी तरी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. यादीत सगळ्या वस्तू होत्या, माणूस नव्हता. थिएटरमध्ये तरी सर्जनने डोळे आणलेत का, असं कोण तपासतं?

यजमानांचा चष्मा लावून पाहिला, तो लांबचा निघाला. पोस्टमास्तरीणबाईंचा लावला, तर भिंत पोहायला लागली, असं मिस्त्री म्हणाला आणि घाईने काढून ठेवला. मग त्याने अंदाजाने करून बघायचं ठरवलं. टेप लावला, डोळे बारीक केले आणि भिंतीवर खूण केली. सिस्टरांनी वही पाहून टेप पुन्हा लावला. खूण अंगठाभर खाली होती.

यजमान म्हणाले, की उद्या चष्मा मागवता येईल, रात्री इथेच राहा. पोस्टमास्तरीणबाईंनी मान डोलावली, पण त्यांची नजर रिकाम्या भिंतीवर होती. तीस वर्षं थांबलेल्या माणसालाही आणखी एक दिवस फार वाटतो.

मिस्त्री बहिणीकडे वळला. "ताई, तू लाव."

"मी?"

"सगळं तुला पाठ आहे. कुठला स्क्रू कुठे जातो हे माझ्याहून तुला जास्त माहीत आहे."

"मला द्यायचं माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "बत्तीस वर्षं मी दिलं. घेतलं कधीच नाही."

"मग आज घे. मी देतो."

सिस्टरांनी हात धुतले. इथे त्याची काही गरज नव्हती, पण त्यांनी कोपरापर्यंत साबण लावून धुतले, आणि मग ड्रिल उचललं.

दगडात भोकं पाडायला मिस्त्रीने मागून खांद्याने जोर दिला. पाणसळीचा बुडबुडा त्या बघत आणि तो त्यांच्या सांगण्यावरून सांगाडा वर-खाली करी. पहिला सांगाडा भिंतीला टेकला. आता आतून लांब स्क्रू घालायचा. सिस्टरांनी स्क्रू टेकवला, ड्रिल दाबलं, आणि तो तिरका गेला. नव्या पांढऱ्या लाकडावर नखाएवढा चरा उठला.

त्यांचा हात थांबला. बत्तीस वर्षांत त्यांनी पुष्कळांचे हात थांबलेले पाहिले होते. नव्या डॉक्टरांचे तर नेहमीच. अशा वेळी त्या काही बोलत नसत, नुसता स्वच्छ कापूस पुढे करत आणि वाट बघत. स्वतःचा हात थांबल्यावर काय होतं हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. कान गरम झाले. आपण हे सोडून द्यावं, बोटीची वाट बघावी, असं वाटलं.

मिस्त्रीला चरा दिसत नव्हता, पण ड्रिलचा आवाज त्याने ऐकला होता. तो म्हणाला, "काढ बाहेर आणि परत घाल. लाकडाला रक्त येत नाही, ताई."

सिस्टर हसल्या. मग खूपच हसल्या, इतक्या की यजमान दारातून डोकावून गेले. स्क्रू बाहेर काढला, नीट टेकवला, आणि तो सरळ आत गेला.

त्यानंतर काम मार्गी लागलं. मिस्त्री खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकत होता आणि वस्तू देत होता. देण्यात तो अगदीच कच्चा निघाला. बिजागरीचा स्क्रू मागितला की हँडलचा देई, पेचकस मागितला की आधी आपल्या कानामागे शोधी. एकदा चुकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा सिस्टरांनी मागे न बघता नुसता तळहात पुढे केला आणि करड्या आवाजात म्हटलं, "हा नव्हे. सोळाचा."

"मोठे डॉक्टर रागावले," मिस्त्री पोस्टमास्तरीणबाईंना म्हणाला.

भिंत वाकडी होती. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, पण इथलं अंगण खरोखरच वाकडं होतं. खिडकीकडे भिंत बोटभर आत गेली होती आणि सिंकपाशी पोट काढून पुढे आली होती. पाचरी सरकू लागल्या. दहा गेल्या, वीस गेल्या. एकतिसावी पाचर बसली तेव्हा वरची तिन्ही कपाटं एका रेषेत उभी राहिली, आणि मिस्त्रीने उठून खालच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. दिसत नव्हतं तरी बोटाला कळत होतं.

"दुकान चाललं," तो म्हणाला.

एक वाजता वीज गेली. पोस्टमास्तरीणबाईंनी उकडलेली अंडी, पाव आणि चहा आणला. सगळे जमिनीवर चादरीच्या कडेला बसून जेवले. यजमान पाणी घ्यायला उठले आणि त्यांचं कपाळ नव्या कपाटाच्या खालच्या कोपऱ्यावर आदळलं. सिस्टरांनी ताबडतोब पाहिलं, फुटलं नव्हतं, टेंगूळ आलं होतं. थंड पाण्याचं फडकं लावलं. दहा मिनिटांनी फडकं ठेवायला उठले आणि पुन्हा तिथेच आदळले.

"तीस वर्षं मी चढले," पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या. "आता तुम्ही वाका."

यजमानांनी टेंगूळ दाबत विचारलं, की कोपरा जरा गोल करता येईल का? सिस्टरांनी खोक्यातून काचकागद काढून त्यांच्याच हातात दिला. वीज येईपर्यंत त्यांनी तो कोपरा घासत बसायचा, असं ठरलं. घासलेल्या जागी लावायला सिस्टरांनी पट्टीही दिली. जादा आणली होतीच.

दुपारभर साध्या पेचकसाने दारं चढली. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. बिजागरीत तीन छोटे स्क्रू असतात. एकाने दार वर-खाली होतं, एकाने डावं-उजवं, एकाने आत-बाहेर. सिस्टरांची बोटं त्या स्क्रूंवर अशी बसली, जणू हीच जागा ती इतकी वर्षं शोधत होती. अर्धा वळसा, पाव वळसा, थांब. शेजारच्या दाराशी फट सारखी झाली की पुढचं. मिस्त्री बडबडायचा थांबला होता. तो नुसता ऐकत होता, आणि आता बरोबर स्क्रू देत होता.

पाच वाजता खालून बोटीचा भोंगा झाला. दोन दारं राहिली होती. पाच मिनिटांनी भोंगा पुन्हा झाला आणि मग नावाडी स्वतःच चढून वर आला. तो भांडायलाच आला होता, पण स्वयंपाकघर पाहून ते विसरला आणि दार धरायला उभा राहिला. नववं बसलं. दहावं बसलं, पण शेजारच्यापेक्षा केसभर खाली.

नावाडी म्हणाला, सरळ आहे. यजमान म्हणाले, सरळ आहे. मिस्त्री म्हणाला, मला काय विचारता.

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी पेचकस टेकवला. पाव वळसा. दोन पावलं मागे येऊन पाहिलं. परत पाव वळसा. मागे येऊन पाहिलं. त्याहून कमी, नुसता श्वासाएवढा वळसा. मग पेचकस खाली ठेवला.

पोस्टमास्तरीणबाई पुढे आल्या. त्यांनी एक नंबरचं दार उघडलं आणि मिटलं. दोन नंबरचं उघडलं आणि मिटलं. असं दहाही. तिन्ही खण बाहेर ओढले आणि आत लोटले. वरच्या कपाटात हात घातला, तो मागच्या भिंतीपर्यंत पोचला. तिथेच हात ठेवून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग स्टूल ओढून त्या त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, की यावर बसताही येतं हे मला माहीतच नव्हतं.

परतताना सरोवर शांत होतं आणि उन्हं उतरली होती. नावाडी उशिराबद्दल एक अक्षर बोलला नाही. मिस्त्री दमून रिकाम्या खोक्याला टेकून झोपी गेला. सिस्टरांच्या उजव्या तळव्यावर दोन फोड आले होते आणि मनगट असं भरून आलं होतं, की पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरावी लागली. हजारो ऑपरेशनं त्यांनी फूटभरावरून पाहिली होती, त्यातलं एकही माझं असं म्हणावंसं त्यांना वाटलं नव्हतं. आज मात्र त्या मनातल्या मनात दारं मोजत होत्या, आणि प्रत्येक दार माझं होतं. कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं. पण घरी पोचल्यावर भावजयीने चष्म्यासाठी हात जोडून माफी मागितली तेव्हा सिस्टरांनी तिचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "बरं झालं हो धुवायला टाकलास तो सदरा."

पुढच्या कामाला पैलवान बरा होऊन आला. तरी सिस्टर निघाल्या. सांगाडे मिस्त्री आणि पैलवान बसवतात आणि दारं सिस्टर लावतात, अशी वाटणी कुणी न ठरवता झाली. मिस्त्रीच्या मनात आधी धाकधूक होती, की लोक काय म्हणतील. लोकांनी एवढंच विचारलं, की पुढच्या वेळी त्या पांढऱ्या बुटांच्या बाई येणार आहेत ना. खाडा झाला तर गिऱ्हाईक रुसायला लागलं. शेजारणीकडच्या कपाटांची दारंसुद्धा सिस्टरांनी एका रविवारी सरळ करून दिली, आणि या वेळी शेजारणीने त्यांना बाहेर जायला सांगितलं नाही, उलट जेवायला थांबवून घेतलं.

चार महिन्यांनी बेटावरून फोन आला. सगळं छान आहे, यजमान आता सवयीने वाकतात, पण मधला खण रोज सकाळी आपोआप दोन बोटं बाहेर आलेला असतो, आणि यजमानांना भुताचा संशय आहे. मिस्त्री त्या दिवशी दुसरीकडे गुंतला होता. सिस्टर एकट्याच निघाल्या, पर्समध्ये एक पेचकस, एक टेप आणि सरकपट्टीचे चार स्क्रू घेऊन. बेटावर पोचल्यावर त्यांनी खण काढला, सरकपट्टी मागच्या बाजूने जराशी खाली घेतली, खण परत घातला. दहा मिनिटांचं काम. मग पाच वाजेपर्यंत करायला काही नव्हतं, म्हणून पोस्टमास्तरीणबाई आणि त्या खिडकीशी बसल्या, बाईंनी पोस्टात हरवलेल्या आणि सापडलेल्या पत्रांच्या गोष्टी सांगितल्या आणि सिस्टरांनी सर्जन लोकांच्या नकला करून दाखवल्या.

परतीच्या बोटीत त्या एकट्याच प्रवासी होत्या. मध्यावर आल्यावर नावाडी घसा खाकरून म्हणाला, की बरेच दिवस विचारायचं होतं. बुडू नये म्हणून घालायची जाकिटं मागे नुसती ढिगाने पडतात, ओली होतात, कुणीही त्यावर पाय ठेवतं. इथे बाकाखाली एखादी पेटी होईल का?

सिस्टर उठल्या. बोट डुलत होती, म्हणून त्यांनी एक हात बाकावर ठेवला आणि वाकून खालची जागा पाहिली. फळीवर बोटाने ठोकून पाहिलं. मग पर्समधून टेप काढला आणि त्याचं एक टोक नावाड्याच्या पायाशी दाबून धरलं.

"झाकण वर उघडणारं हवं की पुढे?" त्यांनी विचारलं.